अकरावी ऑनलाइन प्रवेशाचं परीक्षण: हवं ते कॉलेज लागलं नाही त्यांच्यासाठी

राज्याची अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया जागा वाटण्यात चोख आहे आणि समजावून सांगण्यात कच्ची. पाचपैकी गुण द्यायचे तर वाटपाला साडेचार, माहितीला दोन. ज्याचं पहिल्या यादीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं, त्याला हा कच्चेपणा जाणवतच नाही. तो जाणवतो ज्याचं लागलं नाही त्याच्या घरी. पुढच्या दोन-तीन दिवसांत तिथे जे निर्णय घ्यायचे असतात, त्यांचे परिणाम पोर्टलवर कुठेही सरळ लिहिलेले नसतात. म्हणून हे परीक्षण मुख्यतः त्या घरासाठी.

2024-25 पर्यंत ही प्रक्रिया मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्याच भागांत होती. 2025-26 पासून ती सगळ्या राज्याला लागू झाली. सुरुवात वाईट झाली. 21 मे 2025 ला नोंदणी उघडायची होती, संकेतस्थळ कोलमडलं आणि 26 मे रोजी पुन्हा सुरू झालं. त्यानंतर मात्र यंत्रणेने राज्यभरातल्या लाखो अर्जांचं वाटप केलं. नोंदणी शुल्क 100 रुपये, पसंतीक्रमात कमीत कमी 1 आणि जास्तीत जास्त 10 पर्याय, चार नियमित फेऱ्या आणि नंतर ‘सर्वांसाठी खुली’ फेरी अशी त्या वर्षीची रचना. तारखा दरवर्षी बदलतात, बारीक नियमही बदलतात, म्हणून त्या-त्या वर्षीची सूचनापुस्तिका उघडून पाहणं टाळू नका.

वाटप कसं होतं ते आधी समजून घ्या

राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांचे दहावीतले सर्वोत्तम पाच विषयांचे, म्हणजे 500 पैकी गुण धरले जातात. यंत्रणा गुणानुक्रमे एकेका विद्यार्थ्याकडे येते, त्याची यादी वरून खाली वाचते आणि जिथे जागा शिल्लक दिसते ते पहिलं कॉलेज देते. म्हणजे एखादं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं काय किंवा सातव्या, त्याच्या वरची लागली नाहीत तर ते मिळण्याची शक्यता तेवढीच राहते. ‘वर टाकलं की कॉलेज आपल्याला आधी घेतं’ हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी मुलं खऱ्या आवडीचं कॉलेज खाली ढकलतात. आपल्याला खरंच जो क्रम हवा आहे, तोच भरायचा.

याला एक अट आहे. नियमित फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद होतात आणि थेट खुल्या फेरीची वाट पाहावी लागते. म्हणून पहिल्या ओळीत गंमत म्हणून, मित्राने टाकलं म्हणून किंवा दोन तास लांबचं नावाजलेलं कॉलेज टाकू नये.

दुसरी गोष्ट जागांच्या हिशोबाची. 90 टक्के मिळूनही नाव का लागत नाही, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इथे आहे. 120 जागांची एक तुकडी घ्या. त्याच आवारात संस्थेची शाळा असेल तर इनहाऊस कोट्याला 10 टक्के, म्हणजे 12 जागा जातात. व्यवस्थापन कोट्याला 5 टक्के, म्हणजे 6. उरल्या 102. त्यावर जात प्रवर्गांचं 52 टक्के, एसईबीसीचं (मराठा समाज) 10 आणि ईडब्ल्यूएसचं (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) 10 टक्के आरक्षण लागतं. खुल्या प्रवर्गाला 28 टक्के म्हणजे जेमतेम 28-29 जागा उरतात, आणि त्यावर कोणत्याही प्रवर्गातला विद्यार्थी गुणांच्या जोरावर येऊ शकतो. अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजात गणित वेगळं: 60 जागा अल्पसंख्याक कोट्यात, 6 व्यवस्थापनाच्या, इनहाऊस असेल तर 12, आणि उरलेल्या 42 सर्वांसाठी. तिथे सामाजिक आरक्षण लागत नाही. 2025 मध्ये ते लावण्याचा प्रयत्न झाला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली होती.

हे आकडे मुलासमोर कागदावर मांडा. ‘मी कमी पडलो’ असं त्याला वाटत असतं. त्या 28-29 जागांसाठी 478 आणि 479 गुणांच्या मुलांमध्ये रांग होती हे दिसलं की तो स्वतःकडे थोडा न्यायाने पाहतो. आमच्या अनुभवात समजुतीच्या दहा वाक्यांपेक्षा हा हिशोब जास्त उपयोगी पडतो.

पोर्टलमधली सर्वात मोठी उणीव

इंजिनिअरिंगच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्यांमध्ये मिळालेली जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्या पसंतीसाठी थांबता येतं, त्याला बेटरमेंट म्हणतात. अकरावीत ही सोय नाही. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि तुम्ही ते घेतलं, तर नियमित फेऱ्यांमधून बाहेर. नाही घेतलं, तर पुढच्या फेरीत भाग घेता येतो, पण ही जागा सुटते आणि तीच पुन्हा मिळेल याची हमी नाही. पंधरा वर्षांच्या मुलाकडून आणि धास्तावलेल्या पालकांकडून एवढा जोखमीचा निर्णय दोन-तीन दिवसांत मागणं आम्हाला अन्यायाचं वाटतं. शासनाने बेटरमेंट आणावं, त्यासाठी लागणारं तंत्र राज्याच्याच दुसऱ्या प्रवेश प्रक्रियेत चालू आहे.

तोवर निर्णय असा करावा. लागलेलं कॉलेज रोज जाता-येता झेपण्यासारखं आहे का, शाखा आणि विषय हवे तेच आहेत का, फी परवडते का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर तिसऱ्या-चौथ्या पसंतीचं कॉलेजही घेऊन टाकावं. थांबायचंच असेल तर कारण आकड्यात असावं: वरच्या पसंतीचा कटऑफ (तिथे शेवटची जागा मिळालेल्याचे गुण) आपल्या गुणांपेक्षा एक ते तीन गुणांनी वर असेल आणि तिथे दुसऱ्या फेरीसाठी बऱ्यापैकी जागा रिकाम्या दिसत असतील, तरच. फरक आठ-दहा गुणांचा असेल तर थांबण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या फेरीत कटऑफ उतरतोच, हाही एक गैरसमज. पहिल्या फेरीत जागा मिळूनही न घेतलेली, चांगल्या गुणांची मुलं दुसऱ्या फेरीत पुन्हा रांगेत असतात आणि नावाजलेल्या कॉलेजांत रिकाम्या जागा मोजक्याच असतात. त्यामुळे तिथे कटऑफ जेमतेम एक-दोन गुणांनी घसरतो, कधी तर चढतो. याउलट जिथे कोट्यातल्या न भरलेल्या जागा कॉलेजने परत केल्या, ज्याला सगळे ‘सरेंडर’ म्हणतात, तिथे अचानक वीस-पंचवीस जागा उघडू शकतात. म्हणून फेरीआधी रिक्त जागांचा तक्ता पाहायचा, तोही आपल्या प्रवर्गाचा रकाना, एकूण आकडा नव्हे.

यादी दुसऱ्यांदा भरताना

पोर्टलवर कॉलेज शोधण्याची सोय बरी आहे. जिल्हा, शाखा, माध्यम आणि अनुदानाचा प्रकार निवडून चाळता येतं. मात्र एकाच कॉलेजची अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित तुकडी हे स्वतंत्र पर्याय असतात, प्रत्येकाचा कटऑफ वेगळा आणि फी वेगळी. अनुदानित तुकडीत चार गुणांनी हुकलेला विद्यार्थी त्याच इमारतीतल्या विनाअनुदानित तुकडीत बसू शकतो. शिक्षक बरेचदा तेच असतात. फीमधला फरक मात्र मोठा असू शकतो, म्हणून पर्याय टाकण्याआधी फी पाहा, नंतर नाही. मुलींचं कॉलेज, रात्र कॉलेज आणि माध्यम या तीन गोष्टी नावावरून लक्षात येत नाहीत, त्याही तपासा.

समजा गुण 452, म्हणजे 90.4 टक्के. दहा ओळींची वाटणी आम्ही अशी सुचवतो: पहिल्या दोन-तीन ओळींत 455 ते 462 कटऑफची कॉलेजं, मधल्या चारांत 449 ते 454, शेवटच्या तीनांत 430 ते 442. दहाही ओळी 465 च्या वर भरणारी मुलं दरवर्षी दिसतात आणि यादीत त्यांच्यापुढे काहीच उगवत नाही. कटऑफ जुळवताना प्रवर्ग, तुकडीचा प्रकार आणि फेरी तीच हवी. मागच्या वर्षीच्या तिसऱ्या फेरीचा आकडा यंदाच्या पहिल्या फेरीला लावला की सगळं चुकतं. निकालाचाही अंदाज घ्या, पण एकूण टक्केवारीवरून नको. दहावीचा राज्याचा निकाल 2024 ला 95.81 टक्के होता, 2025 ला 94.10. या आकड्यांवरून 90 टक्क्यांच्या वरची मुलं किती, हे कळत नाही, आणि नावाजलेल्या कॉलेजांचा कटऑफ त्याच मुलांवर ठरतो.

चुका कुठे होतात? सर्वात जास्त अर्जाच्या भाग दोनमध्ये, म्हणजे पसंतीक्रम भरण्याच्या भागात. पसंतीक्रम भरून ‘सेव्ह’ केला, ‘लॉक’ केला नाही, तर तो वाटपात धरला जात नाही. प्रत्येक फेरीआधी लॉगिन करून भाग दोन उघडा, बदल करा, लॉक करा आणि प्रिंट किंवा पीडीएफ ठेवा. शेवटच्या संध्याकाळी साइट जड होते, म्हणून हे काम एक दिवस आधी सकाळी उरकावं. दुसरी चूक प्रवर्गाची. अर्जाच्या भाग एकमध्ये, म्हणजे वैयक्तिक माहितीत, आरक्षणाचा दावा केला आणि कॉलेजात जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र दाखवता आलं नाही, तर लागलेला प्रवेश नाकारला जातो. अर्ज केल्याची पावती आणि हमीपत्र कोणत्या कागदासाठी, किती मुदतीवर चालतं, हे त्या वर्षीच्या सूचनेत वाचून घ्या आणि तहसील कार्यालयातलं काम निकालाची वाट न पाहता सुरू करा.

कोट्यातला प्रवेश घाबरून घेऊ नका. इनहाऊस, अल्पसंख्याक किंवा व्यवस्थापन कोट्यात एकदा प्रवेश निश्चित झाला की नियमित फेऱ्यांत नाव राहत नाही. ‘आज पैसे भरा, उद्या जागा नाही’ असं कुणी म्हणालं तर कोट्याची जागा पोर्टलवर दिसते का, फी जाहीर आकड्याइतकीच आहे का आणि पावती मिळते का, ही तीन उत्तरं आधी घ्या. पावतीशिवाय रक्कम मागणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नका, प्रवेश पोर्टलवर चढल्याशिवाय तो ग्राह्यच नसतो.

कॉलेज लागल्यावर लॉगिनमध्ये प्रवेशासाठीची संमती द्यायची, मग मुदतीत कॉलेजात जायचं. सोबत दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, प्रवर्गाची प्रमाणपत्रं, सगळं मूळ आणि दोन-दोन झेरॉक्स. फी भरली म्हणजे काम झालं असं समजू नका. कॉलेजने त्यांच्या लॉगिनमधून प्रवेश निश्चित केला की तुमच्या लॉगिनमध्ये तसं दिसतं, ते पाहिल्याशिवाय आवार सोडू नये. प्रवेश रद्द करायचा असेल तेव्हाही हेच. कागदावर अर्ज देऊन भागत नाही, पोर्टलवर रद्द झाला नाही तर नाव तिथेच अडकून राहतं.

न मागितलेलं कॉलेज पारखताना

लागलेलं कॉलेज कमी नावाचं आहे, एवढ्यावर ते वाईट ठरत नाही. बारावीची परीक्षा राज्य मंडळाची, पुस्तकं बालभारतीची, सगळ्यांना तीच. एमएचटी-सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे 20 टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे 80 टक्के भार आहे. नीट आणि जेईई मेनमध्ये अकरावी-बारावी दोन्हींचा अभ्यासक्रम येतो. यातल्या कोणत्याही परीक्षेत कॉलेजच्या नावाला गुण नाहीत.

पण नुकसान काहीच नाही, असं मुलाला सांगू नका, ते खरं नाही. मुंबईत अनेक कॉलेजांत बीए, बीकॉम, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आधी आपल्याच बारावीच्या मुलांना घेतात. हवं असलेलं पदवी कॉलेज तेच असेल तर ती पायवाट बंद झाली, आता बारावीच्या गुणांवर बाहेरून यावं लागेल. मुलं एवढं सत्य पेलतात. खोटी समजूत त्यांच्या लगेच लक्षात येते आणि मग पुढचं काहीच ऐकलं जात नाही.

कॉलेज बघायला जाताना मुलाला सोबत न्या, आणि शक्यतो वर्ग चालू असतील त्या वेळी. विज्ञानाला प्रात्यक्षिकं आठवड्याला किती होतात, भौतिक-रसायन-गणिताला पूर्णवेळ शिक्षक आहेत की तासिका तत्त्वावर, हे कार्यालयात न विचारता अकरावी-बारावीच्या मुलांना विचारा. विषयांची जोडी फार महत्त्वाची. जीवशास्त्र आणि गणित दोन्ही घेता येतात का, आयटी विषय आहे का, बायफोकलची (इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स असा व्यावसायिक विषय असलेली) तुकडी आहे का? वाणिज्यला गणित मिळतं की सगळ्यांना चिटणीसाची कार्यपद्धतीच घ्यावी लागते? हवा असलेला विषय नसेल तर कॉलेज कितीही जवळ असलं तरी आम्ही ते टाळू. सकाळचं सत्र असेल तर पहिली बस किंवा लोकल कितीची आहे ते पाहा. एका बाजूचा प्रवास तासाभराच्या वर गेला तर पावसाळ्यातच हजेरी कोलमडते, आणि 75 टक्के हजेरी लागते.

क्लासशी संधान बांधलेल्या ‘इंटिग्रेटेड’ कॉलेजांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: तिथे प्रयोगशाळा आणि भाषा यांच्या तासिका खरोखर होतात याची खात्री झाल्याशिवाय जाऊ नये. नुसत्या नावापुरत्या प्रवेशात मुलाला वर्ग मिळत नाही आणि मित्रही मिळत नाहीत.

काहींसाठी योग्य वाट वेगळीच असते. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तंत्रनिकेतन आणि आयटीआयचे प्रवेश स्वतंत्र पोर्टलवर होतात, त्यांच्या तारखा अकरावीच्या फेऱ्यांबरोबरच चालतात, म्हणून अर्ज आधीच भरून ठेवावा. सीबीएसई शाळांमधली अकरावी या प्रक्रियेत येत नाही, तिथे शाळेतच चौकशी करायची. राज्य मंडळाची बारावी खासगीरीत्या द्यायची तर 17 नंबरचा फॉर्म आहे.

घरातले पहिले दोन दिवस

यादी लागली त्या दिवशी मुलाशी पर्यायांची चर्चा करू नका. रडू द्या, झोपू द्या, जेवायला बसवा. नातेवाइकांचे ‘कुठे लागलं?’ असे फोन येतात, ते आई-बाबांनी घ्यावेत आणि एकच उत्तर ठरवावं: ‘फेऱ्या चालू आहेत, ठरलं की कळवतो.’ मुलाला प्रत्येकाला तेच सांगायला लावणं क्रूर आहे. व्हॉट्सॲपवर इतरांच्या मुलांच्या कॉलेजांची नावं झळकत असतील तर घरात ती मोठ्याने वाचू नयेत. ‘थोडा अजून अभ्यास केला असतास तर’ हे वाक्य कितीही खरं वाटलं तरी या आठवड्यात बोलू नये, दहावी संपली आहे आणि त्या वाक्याने एक गुणही वाढत नाही.

दुसऱ्या दिवशी कागद-पेन घेऊन बसा. रिक्त जागांचा तक्ता मुलानेच वाचावा, यादी त्यानेच लिहावी, पालकांनी फी आणि प्रवास एवढंच सांभाळावं. आपल्या हाताने भरलेल्या यादीतलं सहावं कॉलेज मूल स्वीकारतं, बाबांनी भरलेल्या यादीतलं दुसरंही त्याला लादलेलं वाटतं. मित्रांपासून तुटण्याचं दुःख कॉलेजच्या नावाच्या दुःखाहून मोठं असू शकतं, तेही विचारा. तसं असेल तर मित्र जात असलेला क्लास किंवा मैदान चालू ठेवणं हा त्यावरचा खरा उपाय आहे.

आठवडा उलटूनही झोप नाही, जेवण नाही, खोलीतून बाहेर येणं नाही, किंवा ‘माझा काही उपयोग नाही’ असं मूल बोलू लागलं, तर पुढच्या फेरीची वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइनही आहे. स्वतःला इजा करण्याचा विषय निघाला तर मुलाला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.

कॉलेज सुरू झाल्यावर पहिले सहा-आठ आठवडे बदलाचा विषय घरात काढू नये. दिवाळीपर्यंत मूल रुळलं नाही, तर बारावीला कॉलेज बदलता येतं का ते पाहता येईल. त्यासाठी नव्या कॉलेजात त्याच विषयांची रिकामी जागा, ठोस कारण आणि शिक्षण विभागाची परवानगी लागते. चौकशी अकरावीचा निकाल लागण्याआधीच, दोन्ही कॉलेजांच्या कार्यालयांत करून ठेवावी.